वीस अंशांची खोली

माझ्या सासूबाईंना माझं काम शेवटपर्यंत समजलं नाही. कुणी विचारलं, "सून कुठं जाते?" तर त्या सांगायच्या, "सातपूरला जाते, मोजायला." समोरची बाई विचारणारच, "काय मोजते?" त्यावर सासूबाई आवाज खाली आणून म्हणायच्या, "लोखंड." जणू काही सून चोरून विडी ओढते.

पण त्यात खोटं काहीच नव्हतं. चौतीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात लोखंड मोजलं. यंदा एका दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? मग एक प्रसंग आठवला आणि वाटलं, तो लिहायचा राहूनच गेला तर बरं दिसणार नाही. चूक माझी होती.

आधी काम सांगते. कारखान्यात यंत्राचे भाग बनतात. आम्ही एका भागाला एक नग म्हणतो. प्रत्येक नग कागदावर दिलेल्या मापाचा व्हावा लागतो, आणि ते माप मिलिमीटरमध्ये नाही, मायक्रॉनमध्ये असतं. डोक्यावरचा एक केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. आमच्याकडे पाच मायक्रॉन इकडे-तिकडे चालायचे, सहावा चालायचा नाही. म्हणजे केसाचे चौदा उभे भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या चुकीवर नग पास की नापास ठरायचा. हे मी पाहुण्यांना सांगायचे तेव्हा ते माझ्याकडे न बघता माझ्या यजमानांकडे बघायचे, या बाईबरोबर संसार कसा करता, अशा नजरेनं.

हे मोजायला वेगळी खोली असते. तिला स्टँडर्ड रूम म्हणतात. तिथं बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात, कारण लोखंड उन्हानं फुगतं आणि थंडीनं आकसतं. जगभरच्या मोजणाऱ्यांनी ठरवून टाकलं आहे की खरं माप म्हणजे वीस अंशांवरचं माप. नाशिकच्या एप्रिलमध्ये बाहेर पारा अडतिसावर असताना खालच्या मशीन शॉपमधून आलेला नग लगेच मोजायचा नसतो. तो काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर तास-दीड तास ठेवायचा. आम्ही म्हणायचो, नग निवायला ठेवलाय. तो निवल्याशिवाय त्याचं बोलणं खरं धरायचं नाही.

या खोलीमुळे उन्हाळ्यात मला फार मान मिळे. एप्रिल-मेमध्ये अख्ख्या कारखान्याला मापाबद्दल शंका यायच्या. अकाउंट्सचे लोकसुद्धा काहीतरी विचारायला यायचे. युनियनचे पुढारी मागण्यांचा कागद घेऊन आधी माझ्याकडे दहा मिनिटं टेकायचे आणि थंड डोक्यानं वर साहेबांशी भांडायला जायचे.

मी मूळची मखमलाबादची. वडील मळ्यात झेंडू आणि कोथिंबीर करायचे. विहिरीवरची मोटर बंद पडली की मी खोलायचे, म्हणून मला डिप्लोमाला मेकॅनिकल घ्यायचं होतं. वडील म्हणाले, "मळ्यात तू मोटर खोलती, तिथं कोन हसत नाय. मंग कालेजात कोन हसंल?" कॉलेजात सगळे हसले. वर्गात मी एकटीच मुलगी होते. पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या सरांनी मला फाइलिंगला उभं न करता हजेरीचं रजिस्टर सांभाळायला दिलं होतं. मी आठ दिवस ते सांभाळलं आणि नवव्या दिवशी सगळ्यांची गैरहजेरी मांडून टाकली. मग मला लोखंड घासायची कानस मिळाली.

नोकरीच्या मुलाखतीत मी मशीन शॉप मागितलं होतं. समोरचे साहेब चांगले होते, बापासारखे बोलले. "खाली तेल, आवाज, शिव्या. कशाला? बायकांचा हात हलका असतो. तुला वर मोजायला घेतो." मला ते कौतुक वाटलं. खाली शॉपमध्ये बायकांची मोरी नव्हती हे नंतर कळलं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागायचं, म्हणून पहिली दोन वर्षं मी दुपारी चारपर्यंत पाणीच पीत नव्हते. ती मोरी बांधून घ्यायला मला अकरा अर्ज करावे लागले. अकराव्या अर्जात मी मागणीबरोबर नकाशाही मायक्रॉनमध्ये काढून दिला होता. साहेबांनी हसून सही केली.

आणखी एक गंमत सांगते. बाहेरगावच्या एका कंपनीचे तपासनीस आले. मी खुर्चीत बसलेली. मला म्हणाले, "साहेबांना बोलवा, मापांबद्दल बोलायचंय." मी म्हटलं, "बसा हं, पाठवते." मी उठले, एका दारानं बाहेर गेले, दुसऱ्या दारानं आत आले आणि त्याच खुर्चीत बसून म्हटलं, "बोला." गृहस्थ भला होता. त्याचा चेहरा असा पडला की मीच त्याला चहा मागवला.

हळूहळू मी त्या खोलीची मुख्य झाले. मधल्या काळात डिप्लोमा आणि आयटीआय झालेल्या मुली अधूनमधून यायला लागल्या. मुलगी आली की तिला कुठं ठेवायचं हा प्रश्न कुणाला पडायचाच नाही. 'मॅडमच्या खोलीत.' कुणी पाहुण्यानं विचारलं की तुमच्याकडे महिला किती, तर साहेब माझ्या काचेकडे बोट दाखवायचे. आत आम्ही पाच-सहा जणी पांढऱ्या कोटात. मला त्याचा अभिमान होता. मी त्या पोरींना जपत होते. खालचा आवाज नको, टोमणे नकोत, तेलानं कपडे खराब व्हायला नकोत. त्यांना नक्की काय करायचंय हे मी एकीलाही विचारलं नाही. एक सुषमा होती, वहीच्या मागच्या पानांवर सतत जिग-फिक्श्चरची, म्हणजे मशीनवर नग पकडून ठेवणाऱ्या साच्यांची चित्रं काढायची. मी तिला म्हणायचे, "किती सुबक हात आहे गं तुझा," आणि पुन्हा मोजायला बसवायचे. आज ते आठवलं की जीव कळवळतो.

मग कांचन आली.

कांचन घोटीकडची. घरी भाताची थोडी शेती. आयटीआयला तिनं ग्राइंडरचा ट्रेड केला होता. ग्राइंडिंग म्हणजे फिरत्या दगडी चाकावर नग घासून अखेरच्या मापाला आणणं. सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात धोक्याचं काम तेच. रिवाजाप्रमाणे ती माझ्या खोलीत आली. तीन आठवडे गप्प राहून तिनं काम केलं आणि एक दिवस डबा खाताना म्हणाली, "मॅडम, मला इथं थंडी वाजती."

मी म्हटलं, "स्वेटर आणत जा."

"तसं नाय. मला मशीन पायजे."

"अगं, इथं काय वाईट आहे?"

"वाईट काय नाय. पन दुसऱ्यानं केलेलं मोजत बसायला मी दोन वर्सं नाय शिकली."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. ज्या खोलीसाठी मी उभं आयुष्य घातलं, तिला ही कालची पोर 'मोजत बसणं' म्हणते? दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य मी मुलाखतीत म्हणायला हवं होतं. मला सुचलं नाही, आणि तिला सुचलं याचा मला राग आला होता. मी उठले आणि प्रॉडक्शनच्या खैरनार साहेबांकडे गेले.

खैरनार साहेब देवळ्याकडचे. मोठ्या आवाजाचे, पण मनानं खुनशी नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मॅडम, उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची. आणि एकदा फसलं की पुन्हा मुलींचं नाव माझ्याकडे काढायचं नाही."

मी म्हटलं, "कबूल." किती सहज म्हणून गेले. एका पोरीच्या डोक्यावर मागून येणाऱ्या सगळ्या पोरींचं ओझं ठेवून मी मोकळी झाले.

ग्राइंडिंगला वाघ मिस्तरी होते. त्यांनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, "रडणार नाय ना?" ती म्हणाली, "तुमी रडवू नका मंजी झालं." तिथून त्यांचं जमलं. तीन महिने मिस्तरींनी तिला हाताखाली ठेवलं. चाकाला धार कशी लावायची, आवाजावरून चाक कुठं टेकलं ते कसं ओळखायचं, सगळं शिकवलं. मला जिन्यात गाठून एकदा म्हणाले, "मॅडम, पोरीला कान हाय. माज्या पोराला नाय येवढा." वाघ मिस्तरींच्या तोंडून कौतुक म्हणजे मेमध्ये गारा पडण्यातला प्रकार.

एप्रिलच्या अखेरीस तिला पहिला स्वतंत्र लॉट मिळाला. पन्नास मिलिमीटर जाडीचे, वीतभर लांबीचे चाळीस शाफ्ट. रीत अशी की लॉटमधला पहिला नग आमच्याकडे यायचा. आम्ही तो निववायचा, मोजायचा, आणि कागदावर सही केली की खाली बाकीच्यांना हात लावायचा. तो पहिला नग लॉट संपेपर्यंत आमच्याच कपाटात राहतो.

कांचन तो नग स्वतः घेऊन वर आली. स्वच्छ कापडात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून. कपाळावर घाम, गालाला तेलाचं बोट. तिनं कापड उलगडलं. मी चौतीस वर्षांत हजारो नग पाहिले, पण तो असा झळकत होता की मला भरूनच आलं. आमच्यातल्या एका बाईनं केलेला नग त्या खोलीत पहिल्यांदा येत होता. मी तो उचलला. दोन्ही तळव्यांत घेतला. सगळ्या पोरींना बोलावलं, "बघा गं, हा बघा." एकेकीच्या हातात दिला, परत घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला. छातीशी धरला असेन, आठवत नाही.

तेवढ्यात खालून खैरनार साहेबांचा फोन. "मॅडम, मशीन उभं आहे. झालं का?" मला वाटलं, आता तासभर लावला तर म्हणतील, पोरीचं काम म्हणून वेळ लागतोय. तिला पहिल्याच दिवशी बोलणी बसायला नकोत. मी नग आमच्या मोजायच्या मशीनवर लावला आणि मोजला. आठ मायक्रॉन जास्त.

मी म्हटलं, "छान आहे, फक्त आठ जास्त येतंय. पुढच्यापासून आठ कमी कर, हा नंतर घासून घेऊ."

कांचन म्हणाली, "मॅडम, खाली माझ्याकडं बरोबर भरलाय. तीनदा बघितला."

"खालचं खाली. इथलं खरं," मी म्हटलं. हे वाक्य मी रोज दहा जणांना ऐकवायचे.

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी रात्रभर निवलेले एकोणचाळीस नग आमच्या टेबलावर मोजले गेले. सगळे कमी. लोखंड जास्त राहिलं तर घासता येतं, कमी झालेलं भरता येत नाही. सगळ्या नगांवर लाल रंगाचा पट्टा ओढला गेला.

खैरनार साहेब शॉपमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आधीच बोललो होतो. उद्यापासून मुलगी वर, मॅडमच्या खोलीत. मशीनवर मुली हा विषय संपला." भिंतीवर काळा फळा होता, त्यावर नापास लॉटचं कारण लिहायची पद्धत. तिथं लिहिलं गेलं, 'कारण : नवीन ऑपरेटर'. कांचन मशीनला पाठ लावून उभी होती. तिनं मान वर केली नाही आणि माझ्या आठ मायक्रॉनबद्दल एक अक्षर काढलं नाही. वाघ मिस्तरी तंबाखू मळत माझ्याकडे टक लावून बघत होते.

मी वर आले. कपाट उघडलं. तिचा पहिला नग रात्रभर तिथं निवत पडला होता. मी हातमोजे घालून तो लावला. काटा शून्यावर. ना एक मायक्रॉन जास्त, ना एक कमी. मी पुन्हा लावला. पुन्हा शून्य.

वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. खालून अडतीस अंशांतून आलेला नग मी मायेनं हातात धरून हिंडवला आणि फुगलेला असतानाच मोजला. खाली कांचनचं मोजायचं साधनही तितकंच तापलेलं आणि नगही तितकाच, म्हणून तिचं बरोबर भरलं होतं. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात होतं : नग आला अकरा दहा, मोजला अकरा पंचवीस. शिकाऊ पोरांना मी ज्या चुकीवरून टेबलावर पट्टी आपटून बोलायचे, तीच चूक.

आता जे लिहायचं ते लिहिते. मी तेव्हाच्या तेव्हा खाली गेले नाही. रजिस्टर मिटलं. कुणाला काही बोलले नाही. इतक्या वर्षांत माझ्या खोलीवर एक ठपका आला नव्हता, आणि 'बघा, बाईच्या हाती दिलं की काय होतं' हे वाक्य ऐकायची मला भीती होती. त्याहून वाईट म्हणजे मी मनाची समजूत काढत होते. पोर येईल माझ्या खोलीत, राहील सुखरूप, थंड हवेत, मी बघेन तिच्याकडे. मी तिचं मशीन घालवलं होतं आणि वर तिच्यावरच माया करायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरा कोट घालून आली आणि तिच्या जुन्या स्टुलावर बसली. डोळे सुजलेले. आम्ही दोघीच होतो. मला राहवेना. मी म्हटलं, "कांचन, तुझा नग बरोबर होता."

"माहित्ये मला," ती म्हणाली.

"माहितीये? कसं?"

"तुमी हातात धरून हिंडल्या ना. मिस्तरींनी पयल्याच दिवशी सांगितलंय, तापलेलं लोखंड खोटं बोलतं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

कोटाचं बटण फिरवत ती म्हणाली, "तुमचं नाव खराब झालं असतं तर आमचं कोनी ऐकलं असतं का मॅडम? माझं काय, नवीनच हाये. माझ्याकडनं चूक व्हनार, हे सगळे धरूनच बसले होते."

मला रडू आलं. मी तिच्यासमोरच रडले. मोठेपणा वगैरे बाजूला राहिला. तिलाच उठून मला पाणी द्यावं लागलं.

मग मी तो नग कापडात घेतला, रजिस्टर काखेत मारलं आणि खाली गेले. फळ्यासमोर सकाळची मीटिंग चालू होती. तिथं मी न बोलावता कधी गेले नव्हते. फडक्यानं 'नवीन ऑपरेटर' पुसलं आणि लिहिलं, 'कारण : पहिला नग न निववता मोजला. चूक स्टँडर्ड रूमची.' खाली माझी सही केली. खडू हातात मोडला.

खैरनार साहेबांनी रजिस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अहो मॅडम, कशाला इतकं मनाला लावून घेता? होतं माणसाकडनं."

मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होते, ते एवढंच होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्याकडनं झालं तर माणसाकडनं होतं," मी म्हटलं, "आणि काल तिच्याकडनं झालं असं वाटलं, तर मुलींचा विषयच संपला? ती माणूस नाही? गेल्या महिन्यात तुमच्या दोघा पोरांनी दोन लॉट घालवले, तेव्हा 'मशीनवर मुलगे नकोत' म्हणालात का?"

मागून वाघ मिस्तरींचा आवाज आला, "मॅडम, अजून येक इसरल्या. एक लॉट मीच घालवला व्हता." सगळे हसले. खैरनार साहेबही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फळ्याकडे बघत म्हणाले, "कोट काढायला सांगा तिला. मशीन उभं आहे कालपासून."

त्यानंतर काही क्रांती झाली नाही. पुढची दोन वर्षं खाली ती एकटीच मुलगी होती. मी माझ्या खोलीतल्या प्रत्येकीला बसवून विचारलं, तुला काय करायचंय? दोन वर्षांनी जागा झाली तेव्हा दोघी खाली गेल्या, तिघींना मोजणंच आवडत होतं, त्या राहिल्या. सुषमा तोवर लग्न करून नोकरी सोडून गेली होती. तिला विचारायचं राहिलं ते राहिलंच.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. कांचन ग्राइंडिंग सेक्शनची इन्चार्ज आहे. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, पेठकडची एक पोरगी घेतलीये मशीनवर. गेल्या हप्त्यात तिनं अख्खा लॉट घालवला."

मी लगेच विचारलं, "नग नीट निवला होता का? स्टँडर्ड रूमनं काही गडबड केली का?"

"नाय मॅडम, सगळं तपासलं. चूक तिचीच. पक्की तिचीच."

"मग गं?"

"मंग काय," कांचन म्हणाली, "लॉट गेला भंगारात. पोरगी मशीनवरच हाये."